पंचा, जवस आणि तासभर धीर

मे महिन्यातलं जळगाव. दुपारचे तीन वाजलेत. मंगल कार्यालयाच्या फाटकाशी रिक्षा थांबते आणि तिच्यातून नवरीची करवली उतरते. सकाळचे दोन तास पार्लरमध्ये बसून तिने केसांना ‘प्रेस मारून’ घेतली आहे. एरवी खांद्यावर भुरभुरणारे कुरळे केस आज पाठीवर सरळसोट, चकचकीत पडलेत. बाहेरचा पारा पंचेचाळिसाच्या घरात. मंगलाष्टकं सुरू होतात, मानेला घाम फुटतो आणि कानामागच्या बटा एकेक करून आपल्या मूळ वळणावर येऊ लागतात. मधले केस सरळ, कडेचे कुरळे, असा दोन पक्षांचा संसार मग पंगत उठेपर्यंत चालतो.

लग्नसराईत खानदेशातल्या कुठल्याही गावात हे दृश्य दिसतं. त्यात हसण्यासारखं काही नाही, कारण फसगत त्या मुलीची नाही. केसाचा धर्मच तो आहे. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे बंध मुख्यतः दोन तऱ्हेचे. गंधकाचे बंध पक्के असतात, ते रसायनांशिवाय सहसा तुटत नाहीत. दुसरे हायड्रोजन बंध. ते पाणी लागलं की सुटतात आणि केस वाळला की नव्याने जुळतात. वाळताना केस ज्या आकारात असेल, तोच आकार तो पुढचं पाणी लागेपर्यंत धरून ठेवतो. ज्याला पार्लरमध्ये ‘सेटिंग’ म्हणतात, त्याचं सगळं शास्त्र एवढंच. १८०-२०० अंशांची पट्टी हेच काम घाईने करते, आणि घामाचे चार थेंब ते घाईनेच मोडतात.

इतक्या सोप्या गोष्टीसाठी इतकी आच कशाला, हा खरा प्रश्न आहे. जळगाव-धुळ्यात तर तो जास्तच रास्त ठरतो, कारण इथे वर्षातले तीन-चार महिने आकाशच ड्रायर होऊन बसलेलं असतं.

ही नुसती उपमा नाही. २०११ मध्ये ‘ॲनल्स ऑफ डर्मेटॉलॉजी’ या नियतकालिकात कोरियातल्या संशोधकांनी एक साधा पण नेमका प्रयोग मांडला. केसांचे झुपके तीस वेळा धुवायचे आणि तीस वेळा वाळवायचे. काही झुपके आपोआप वाळू द्यायचे, काहींवर ड्रायर वेगवेगळ्या अंतरावरून फिरवायचा. ड्रायर पंधरा सेंटिमीटरवर धरला तर केसापाशी तापमान ४७ अंश भरलं, दहा सेंटिमीटरवर ६१ आणि पाच सेंटिमीटरवर थेट ९५. आच वाढली तशी केसाच्या पृष्ठभागावरची खवल्यांची नासाडी वाढत गेली. म्हणजे सगळ्यात सौम्य ठरलेल्या ड्रायरचा आकडा ४७, आणि भुसावळ-जळगावच्या मे महिन्यातल्या दुपारचा आकडा त्याच्या एक-दोन पायऱ्या खाली. वीजबिल शून्य.

त्याच प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष मात्र ‘नैसर्गिक तेच उत्तम’ म्हणणाऱ्यांना रुचणारा नाही. मशीन न लावता वाळलेल्या केसांच्या पृष्ठभागाला फारसं काही झालं नव्हतं. पण आतल्या पेशींना सांधणाऱ्या थराला इजा झाली ती फक्त त्यांच्याच. कारणाचा अंदाज असा: ते फार वेळ ओले राहिले. केस पाणी पितो, फुगतो आणि फुगलेल्या अवस्थेत दुबळा असतो. संशोधकांचं म्हणणं असं, की ड्रायर पंधरा सेंटिमीटर दूर धरून सतत हलता ठेवला तर तो आपोआप वाळवण्यापेक्षा कमी हानी करतो. एका प्रयोगावर घर बांधू नये हे खरं. पण त्यातून एक गोष्ट पटते. केसांशी सौम्य वागणं म्हणजे यंत्राला शिव्या देणं नव्हे. कमी आच, कमी ओढाताण आणि ओलं राहण्याचा वेळ आटोक्यात, या तिन्ही गोष्टी एकत्र सांभाळणं म्हणजे सौम्यपणा. आणि खानदेशात हे गणित ऋतूगणिक उलटतं.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला, म्हणजे लेकी माहेरी आल्या आणि झाडांना झोके बांधले गेले, की हवेत दमटपणा नावालाही नसतो. केस धुऊन अंगणात आलं की अर्ध्या तासात वाळतात. इथे धोका ओलेपणाचा नसून अतिकोरडेपणाचा. ऐन दुपारी उन्हात केस मोकळे सोडून बसलं तर ऊन रंग खातं, धूळ बसते आणि कोरड्या वाऱ्यात प्रत्येक केस शेजारच्याला दूर लोटत उभा राहतो. कुरळ्या केसांचा भुसा होतो. म्हणून उन्हाळ्यात नहाणं सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, आणि वाळवणं सावलीत. धाब्याच्या घरांमध्ये संध्याकाळी धाब्यावर पाणी मारून बायका गप्पांना बसत. केस वाळवायला त्याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. वारा आहे, ऊन नाही, घाई तर मुळीच नाही.

श्रावणात चित्र पालटतं. कानबाईच्या रोटांची गडबड, चार दिवस न उघडलेला पाऊस, भिंतींना ओल. दाट कुरळ्या केसांना वाळायला अशा वेळी तीन-चार तासही पुरत नाहीत. घाईत असलेली बाई काय करते? ओल्या केसांचाच अंबाडा घालते, वरून पदर घेते आणि कामाला लागते. संध्याकाळी अंबाडा सोडला तर आतले केस अजून दमट, कुबट वास येणारे. हाच तो वर सांगितलेला लांबलेला ओलेपणा. शिवाय ओला केस ताणला तर सहज लांबतो, आणि घट्ट बांधलेल्या अंबाड्यात तो दिवसभर ताणलेलाच असतो. श्रावणात ड्रायर कपाटातून काढावा, मंद आचेवर ठेवावा, वीतभर अंतर राखावं आणि निर्धास्त वापरावा. तोंडाला काटेरी वाडग्यासारखं दिसणारं ‘डिफ्युझर’ लावलं तर हवेचा झोत पसरतो आणि बटा उधळत नाहीत.

हवेतल्या दमटपणाशी केसाचं नातं इतकं भरवशाचं आहे, की जिनिव्हाच्या होरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने १७८३ मध्ये माणसाच्या केसापासून आर्द्रता मोजण्याचं यंत्र बनवलं. हवा पूर्ण कोरडी असताना आणि पूर्ण दमट असताना केसाच्या लांबीत दोन-अडीच टक्क्यांचा फरक पडतो, त्यावर काटा हलतो. पुढे कितीतरी वर्षं वेधशाळांत ही यंत्रं होती. पावसाळ्यात केस ‘ऐकत नाहीत’ म्हणून स्वतःवर चिडणाऱ्या प्रत्येक मुलीने हे लक्षात ठेवावं. तिच्या डोक्यावर वेधशाळा आहे.

मग घरी करायचं काय? पहिलं काम टर्किश टॉवेल बाजूला ठेवण्याचं. त्याचे फासे कुरळ्या केसात अडकतात, आणि आपली सवय तर टॉवेलने खसाखसा पुसण्याची, वर तो झटकून केस फटकारण्याची. सरळ केस हे कसंबसं सोसतो. कुरळ्या केसाचा छेद गोल नसतो, चपटा, लांबट असतो. जिथे जिथे तो वळतो तिथे तो कमजोर असतो, आणि डोक्याच्या कातडीतलं तेल त्या वळणावळणांच्या घाटातून टोकापर्यंत पोहोचत नाही. त्याला घासणं म्हणजे आधीच झिजलेल्या दोरीला फरशीवर ओढणं.

खानदेश कापसाचा मुलूख. इथल्या घरात जुना पंचा, विरलेली सुती साडी, मऊ पडलेलं धोतर नाही असं व्हायचं नाही. परदेशात २००१ नंतर, लोरेन मॅसी यांच्या ‘कर्ली गर्ल’ या पुस्तकानंतर, कुरळे केस जुन्या सुती टी-शर्टात गुंडाळून ठेवण्याची पद्धत गाजली. त्या टी-शर्टच्या जागी पंचा ठेवला की झालं. पंचा पलंगावर पसरायचा, पुढे वाकून केस त्यावर घडी पडतील तसे सोडायचे आणि पंचाची टोकं मानेमागे बांधायची. वीस मिनिटं. पाणी कापूस पितो, बट आपल्या जागी राहते. पुसणं नाही, पिळणं नाही. ज्यांना हेही नको त्यांनी ओंजळीत पंचा घेऊन टोकांकडून वर केस नुसते दाबावेत.

दुसरी वस्तू दाणाबाजारात मिळते. जवस. चटणीसाठी ते घरात असतंच. दोन मोठे चमचे जवस दीड कप पाण्यात मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळलं, सतत ढवळलं, की पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं तार धरू लागतं. ही तार धरताच गॅस बंद करून गरम असतानाच गाळायचं. थंड झालं तर ते गाळणीतून उतरत नाही आणि करणारीचा धीर सुटतो. हा चिकट रस केसावर पातळ पापुद्रा धरतो, म्हणजे बाजारातली महाग जेल जे करते तेच. फरक एवढाच, की यात टिकवणारं काही घातलेलं नसतं. फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस टिकतं. जळगावच्या मे महिन्यात ओट्यावर राहिलं तर दुसऱ्या दिवशी वास मारतं. थोडं करावं, संपवावं.

रस लावायची वेळ फार महत्त्वाची. केस ठिबकत असताना लावायचा. अर्धवट वाळल्यावर लावला तर आकार धरायची वेळ निघून गेलेली असते. गुंता त्याआधी, नहाताना, केसांना कंडिशनर किंवा तेलाचा बुळबुळीतपणा असतानाच बोटांनी आणि रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर सोडवत जायचा. मग रसाने माखलेल्या तळहातांनी बटा खालून वर मुठीत दाबायच्या. ज्या बटा हट्टी, कपाळावरच्या किंवा टाळूवरच्या, त्या एकेक बोटाभोवती फिरवून सोडायच्या. ज्यांना जरा मोठं, ठसठशीत वळण हवं त्यांनी सुती चिंध्यांच्या लांब पट्ट्यांवर किंचित दमट केस गुंडाळून सैल गाठ मारावी आणि सकाळी सोडावी. यात खर्च फाटक्या साडीचा.

यानंतर हात लावायचा नाही. सगळ्यात अवघड पायरी हीच. वाळताना दहा वेळा आरशात पाहून, बोटं फिरवून, ‘झाले का?’ असं चाचपून पाहिलं तर जुळत आलेले बंध पुन्हा विस्कटतात आणि केस पिंजारलेल्या कापसासारखे उभे राहतात. पूर्ण वाळल्यावर बटा जरा कडक लागतात. रसाचा पापुद्रा असतो तो. तळहाताला खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळून बटा हळूच चुरगाळल्या की कडकपणा जातो, वळण राहतं.

तेलावरून आठवलं. खोबरेल तेल केसांत घालावं की नाही, यावर घरोघरी दोन पिढ्यांत वाद असतो. २००३ मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल तेल यांची तुलना करणारा अभ्यास ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये छापला. धुण्याआधी लावलेलं असो की नंतर, केसातून होणारी प्रथिनांची गळती लक्षणीय कमी केली ती फक्त खोबरेल तेलाने. त्यातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान, सरळ साखळीचं. ते केसाच्या आत शिरतं आणि पाण्याने केस फुगण्याला लगाम घालतं. हे संशोधन मॅरिको या तेल विकणाऱ्या कंपनीतलं आहे, हेही सांगायला हवं. तिचा एक कारखाना जळगावच्या एमआयडीसीत आहे. तेव्हा चिमूटभर मीठ टाकून वाचावं. तरीही नहाण्याआधी तासभर तेल लावून ठेवणाऱ्या आजीच्या पारड्यात या अभ्यासाचं वजन पडतं. नहाण्यानंतर वाटीभर तेल थापून त्यावर उन्हात जाणाऱ्यांच्या पारड्यात नाही, कारण धूळ त्या तेलावरच बसते.

पाण्याचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि त्यावर सल्ला देणारे बहुधा चोवीस तास नळ असलेल्या शहरांत राहतात. धुळ्यात नळाला पाणी रोज येत नाही. मधल्या दिवसांत बोअर किंवा टँकर. बसाल्टच्या खडकातून येणारं बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं, साबणाला फेस येऊ देत नाही. भारतीय मानक संस्थेनुसार पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. अशा पाण्यात अंगाच्या साबणाने केस धुतले तर कॅल्शियमचा चिकट पांढरा मळ केसांवर बसतो आणि कुरळे केस गुंत्याचा गोळा होतात. शिकेकाई-रिठ्याचा फेस असा मळ धरत नाही. शाम्पूही बराच बरा. अशा पाणीटंचाईच्या गावी तीनदा कंडिशनर आणि पाच वेळा खळबळून धुणं असलं वेळापत्रक कुणी सांगू नये. एक बादली, एक तांब्या, आणि शक्य झालंच तर शेवटचे दोन तांबे नळाच्या गोड्या पाण्याचे. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. मधल्या दिवसांत हात ओले करून बटांवरून फिरवले तरी पुरतं.

सौम्य आच आपल्याकडे नवी नाही. बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर बाजेखाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या आणि केस बाजेच्या कडेवरून खाली सोडून वाळवायचे, ही रीत मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. धूर तान्ह्या बाळाला चांगला नाही, म्हणून ती सुटली ते बरंच झालं. पण त्यातली हिशेबी बाजू पाहावी: आच खालून, लांबून, पसरलेली, आणि केसांना ओढणारा हात नाही. डिफ्युझर याहून वेगळं काय करतं?

उलट, जिथे घाई शिरते तिथे किंमत मोजावी लागते. ओल्या केसावर इस्त्री फिरवली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या दांड्यात बुडबुडे धरतात. असा केस हात लावताच तुटतो. त्वचारोगतज्ज्ञांनी या प्रकाराची पहिली नोंद १९८६ मध्ये केली. कायमचं सरळ करणाऱ्या लेपांची गोष्ट त्याहून गंभीर आहे. त्यांतल्या काहींमधून गरम करताना फॉर्माल्डिहाइड सुटतो, ज्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. ‘फॉर्मालिनमुक्त’ म्हणून आलेल्या अनेक लेपांत ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने मार्च २०२४ मध्ये २६ वर्षांच्या एका तरुणीची हकिगत छापली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीन वर्षं तिने केस सरळ करून घेतले, आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. लेपात हे आम्ल दहा टक्के होतं. तोच लेप उंदरांच्या पाठीला लावला तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झॅलेटचे स्फटिक सापडले. ‘केराटिन करून घे’ असा सल्ला चहाबरोबर देणाऱ्या मावशी-वहिनींना हे ठाऊक नसतं. पार्लरने मात्र डब्यावर काय लिहिलंय ते गिऱ्हाइकाला वाचून दाखवावं, एवढी अपेक्षा जास्त नाही.

अर्थात मुली पार्लरकडे वळतात त्यामागे शास्त्र नसतं, शेरे असतात. ‘काय गं, केस विंचरले नाहीस का आज?’ हा प्रश्न कुरळे केस असलेल्या मुलीने बालवाडीपासून ऐकलेला असतो. शाळेत दोन घट्ट वेण्या, तेल चोपडलेल्या, रिबिनीने वर दुमडलेल्या. त्या वेण्यांनी कपाळावरचे केस मागे मागे सरकत जातात. केस सतत ओढल्याने पडणाऱ्या टकलाची नोंद वैद्यकात ग्रीनलंडच्या स्त्रियांवरून १९०७ पासूनची आहे. शाळांनी केस बांधलेले असावेत एवढंच सांगावं, किती घट्ट आणि किती तेलकट हे मुलीच्या घरावर सोडावं. आणि कुरळे केस विंचरले की ते फुलतात, विंचरलेले दिसत नाहीत, हे एकदा वर्गात सांगून टाकावं.

गंमत म्हणजे याच मुली शाळेच्या सहलीला जळगावहून साठेक किलोमीटरवरच्या अजिंठ्याला जातात. तिथे पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या खांद्यांवर वळणदार बटा रुळतात आणि बुद्धाच्या मस्तकावर शंखासारख्या गोल वळ्यांचे केस दगडात एकेक करून कोरलेले असतात. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने ते कुरळेपण लपवायचा विचार केला नाही. अलीकडचं उदाहरण हवं तर अभिनेत्री मिथिला पालकरचं आहे. २०१६ मध्ये प्लास्टिकच्या कपाच्या ठेक्यावर शांता शेळके यांचं जुनं मराठी गाणं म्हणतानाची तिची चित्रफीत घरोघरी पोहोचली, ती मोकळ्या कुरळ्या केसांसकट. पुढच्या वर्षी तिचा ‘मुरांबा’ हा चित्रपट आला तोही त्याच केसांसकट.

आता त्या करवलीकडे परत. पुढच्या लग्नाला तिने आदल्या संध्याकाळी केस धुतले, जवसाचा रस लावला, पंचात गुंडाळले आणि धाब्यावर जाऊन बसली, तर मंगलाष्टकांत घाम येईलच. जळगावचा मे कुणाला सोडत नाही. पण घामाने जी बट सुटेल ती बाकीच्या बटांसारखीच कुरळी असेल, आणि फोटोत कुणाला फरक कळायचा नाही. राहता राहिलं गाळणीत उरलेलं उकडलेलं जवस. ते गोठ्यात गाईपुढे ठेवलं तर ती आनंदाने खाते.